गैरहजर म्हणायचं की बेपत्ता?

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारी वहिनी रोज सकाळी सातला नौदलाच्या वसाहतीत कामाला जाते. सावंतवाडीची माहेरवाशीण, लग्न होऊन वास्कोला आली त्याला बारा वर्षं झाली. फाटकावर पास दाखवायचा, वहीत नाव लिहायचं, तीन घरांतली भांडी-फरशी उरकायची आणि दुपारच्या बसने चिखलीला परत. गेल्या महिन्यात तिने मला जिन्यात थांबवलं. "ताई, तुम्ही वकील. आत गेलेली बाई बाहेर आलीच नाही, तर घरच्यांनी कुणाकडे जायचं? आपल्या पोलिसांकडे की नेव्हीच्या?"

तिच्याबरोबर काम करणारी एक मुलगी, पाच महिन्यांची गरोदर, दोन दिवस कामाला आली नव्हती आणि तिचा फोनही लागत नव्हता. नंतर कळलं, ती माहेरी गेली होती. मुलगी सुखरूप होती, पण वहिनीच्या डोक्यातला प्रश्न काही गेला नाही. मी जिन्यात उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट होतं, म्हणून आता बसून नीट लिहिते.

वास्कोच्या माणसाला लष्करी तळ म्हणजे शेजार. आयएनएस हंस १९६१ मध्ये तामिळनाडूतल्या सुलूरला सुरू झाला आणि १९६४ मध्ये दाबोळीला आला. आपण मुंबईचं विमान पकडतो ती धावपट्टी नौदलाचीच. शहरात आयएनएस गोमंतक आहे, नौदलाचं जीवंती रुग्णालय आहे, मांडवीपलीकडे वेऱ्याला आयएनएस मांडवी आहे. या सगळ्या भिंतींच्या आत नुसते सैनिक राहत नाहीत. त्यांच्या बायका, मुलं, घरकाम करणाऱ्या बाया, कंत्राटदाराचे कामगार, कॅन्टीनमधल्या मुली असा मोठा संसार तिथे असतो. भिंतीवर मात्र 'प्रवेश निषिद्ध' लिहिलेलं असतं. ती पाटी वाचून बाहेरच्याला वाटतं की आपला कायदाही याच फाटकावर थांबत असेल.

तसं नाही. ते का नाही हे सांगण्याआधी एका परदेशातल्या प्रकरणाकडे वळते, कारण लष्करी तळावरून बाई नाहीशी होते तेव्हा नेमकं काय चुकतं, ते त्या प्रकरणात स्वच्छ दिसतं.

कॅम्प लेज्यून, डिसेंबर २००७

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात जॅक्सनव्हिल गावाला लागून कॅम्प लेज्यून हा मरीन कोअरचा, म्हणजे समुद्रमार्गे चढाई करणाऱ्या सैन्याचा, अवाढव्य तळ आहे. तिथे वीस वर्षांची एक मुलगी लान्स कॉर्पोरल होती. घर ओहायो राज्यात, काम कार्यालयातलं, आणि त्या डिसेंबरात आठवा महिना. तिचं नाव तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं, पण मी इथे लिहीत नाही. तिने त्याच वर्षी आपल्या एका वरिष्ठावर बलात्काराची तक्रार केली होती. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ अशा तक्रारदार बाईची ओळख छापायला मनाई करतं, आणि ती हयात नसली तरी नाव उघड करू नये असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बजावलं. अमेरिकेतल्या मुलीला आपला कायदा लागत नाही. मला लागतो असं मी मानते.

१४ डिसेंबरनंतर ती कुणाला दिसली नाही. खोलीत मैत्रिणीसाठी चिठ्ठी होती: मरीनचं आयुष्य आता झेपत नाही, मी जाते. त्याच दिवशी तिच्या बँक खात्यातून पैसे निघाले होते. त्याच दिवशी टेक्सासमधल्या एल पासोचं बसचं तिकीटही काढलेलं होतं. चिठ्ठी, पैसे, तिकीट. तीन कागद एकाखाली एक ठेवले की वाचणाऱ्याच्या मनात गोष्ट आपोआप जुळते: पोरगी कंटाळली, पळाली.

लष्कराकडे अशा गोष्टीसाठी शब्द तयारच असतो. रजा न घेता गैरहजर. सैन्यात गैरहजेरी हा गुन्हा आहे, आणि तो असायला हवा हे मला मान्य आहे. युद्धाच्या तोंडावर जो तो मनाला येईल तेव्हा घरी गेला तर सैन्य राहणार नाही. पण या शब्दाचा एक परिणाम असा होतो की माणूस दिसेनासा झाला की पहिला संशय त्याच्यावरच जातो. 'बेपत्ता' म्हटलं की आपण विचारतो, तिचं काय झालं असेल? 'गैरहजर' म्हटलं की आपण विचारतो, तिने हे का केलं? पहिल्या प्रश्नाने शोध सुरू होतो. दुसऱ्याने नुसती तिच्या परत येण्याची वाट पाहिली जाते.

आठवा महिना भरत आलेली बाई सुमारे तीन हजार किलोमीटरचा प्रवास बसने का करेल, हा प्रश्न कुठल्याही सुईणीने पहिल्या मिनिटाला विचारला असता.

तिच्या आईने १९ डिसेंबरला तिथल्या शेरीफकडे, म्हणजे जिल्ह्याच्या नागरी पोलिसांकडे, मुलगी हरवल्याची तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी मुलीचा मोबाइल तळाच्या मुख्य फाटकाजवळ सापडला. २४ डिसेंबरला एका पुरुषाने तिचं एटीएम कार्ड वापरलं आणि वापरताना कॅमेरा झाकला. जानेवारीत तिची गाडी बस स्थानकावर उभी आढळली. तिकीट वापरलंच गेलं नव्हतं. मग ज्याच्यावर तिने आरोप केला होता तो मरीन एका पहाटे पळून गेला. जाताना बायकोजवळ चिठ्ठी ठेवून गेला की तिने स्वतःच जीव घेतला, मी फक्त पुरलं. त्याच्या घरामागच्या अंगणात, शेकोटीच्या खड्ड्यात, तिचे आणि तिच्या पोटातल्या बाळाचे अवशेष मिळाले. मृत्यू डोक्यावरच्या आघाताने झाला होता.

तो मेक्सिकोत लपला, एप्रिल २००८ मध्ये सापडला. मेक्सिको फाशीची शक्यता असेल तर आरोपी सोपवत नाही, म्हणून सरकारी पक्षाला फाशीची मागणी सोडावी लागली. ऑगस्ट २०१० मध्ये नागरी न्यायालयाने त्याला खुनाबद्दल दोषी धरलं आणि पॅरोल नसलेली जन्मठेप दिली. बाळ त्याचं नव्हतं, हे डीएनए चाचणीत स्पष्ट झालं.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त टोचते ती गोष्ट खुनाच्या आधीची आहे. तक्रार केल्यावर तिची गाडी ओरखडली गेली, तिला कुणीतरी ठोसा मारला, असं तिच्या आईने जुलै २००८ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं. आरोपीने तिच्या जवळ जाऊ नये असा लष्करी आदेश निघाला होता. पण दोघं राहिली त्याच तळावर. आणि असा लष्करी आदेश नागरी पोलिसांना कळवलाच पाहिजे, असं तोवर कुठल्या कायद्यात नव्हतं. म्हणजे आई शेरीफकडे गेली तेव्हा तिच्या मुलीच्या जिवाला कुणापासून भीती आहे, हे दाखवणारा कागद भिंतीच्या एका बाजूला आणि शोध घेणारे पोलीस दुसऱ्या बाजूला.

ओहायोचे खासदार माइक टर्नर यांनी हा विषय लावून धरला. २००८ च्या संरक्षण कायद्यात दोन साध्या गोष्टी आल्या: असा आदेश अधिकाऱ्याने मागे घेईपर्यंत चालू राहील, आणि तो नागरी पोलिसांना कळवावाच लागेल. २०११ अखेरच्या कायद्याने तक्रारदाराला दुसऱ्या तळावर बदली मागायचा हक्क दिला आणि अधिकाऱ्याने ७२ तासांत निर्णय द्यायचा असं बंधन घातलं. त्याच वर्षी संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनीही तिच्या तक्रारीच्या हाताळणीत उणिवा राहिल्याचं अहवालात लिहिलं.

'गैरहजर' या शब्दाकडे लक्ष जायला मात्र आणखी एक मुलगी जावी लागली. एप्रिल २०२० मध्ये टेक्सासच्या फोर्ट हूड तळावरून वीस वर्षांची एक सैनिक नाहीशी झाली (ती गरोदर नव्हती). जूनच्या शेवटी तिचे अवशेष मिळाले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकी भूदलाने नियम बदलला. सैनिक कामावर आला नाही तर त्याला लगेच विनारजा गैरहजर ठरवायचं नाही; पहिले ४८ तास 'गैरहजर, कारण अज्ञात' अशी नोंद करायची, आणि तेवढ्या वेळात त्याला शोधायचं, पोलिसांना आणि घरच्यांना कळवायचं. एका रकान्यातला शब्द बदलायला इतकी वर्षं लागली.

आता आपल्याकडे या

वहिनीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर: आपल्या पोलिसांकडे. तळ संरक्षण खात्याच्या जमिनीवर असला तरी ती जमीन कुठल्या ना कुठल्या पोलीस स्थानकाच्या हद्दीत असते. नौदलाचे स्वतःचे पोलीस असतात, ते शिस्त आणि पहारा पाहतात. बाई नाहीशी झाली, पळवली गेली, मारली गेली, तर तो फौजदारी गुन्हा, आणि त्याची तक्रार घेणं राज्याच्या पोलिसांचं काम. ते तळाच्या प्रमुख अधिकाऱ्याशी बोलून, ओळख पटवून आत जातात, थेट घुसत नाहीत. त्यामुळे थोडा वेळ जातो. पण परवानगीची वाट पाहतोय म्हणून तक्रारच लिहून घेत नाही, असं होऊ शकत नाही.

हद्द नेमकी कुणाची, वास्कोची की विमानतळाची की वेर्ण्याची, हा वाद तक्रारदाराने अंगावर घ्यायचाच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये 'झिरो एफआयआर' आलं आहे. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती कुठल्याही पोलीस स्थानकाने नोंदवून घ्यायची आणि योग्य ठिकाणी पाठवायची. माहेर सावंतवाडीला असेल तर आईने तिथल्या पोलिसांकडे दिलेली तक्रारही चालते.

दुसरा प्रश्न अवघड: खटला कुठे चालणार? लोक म्हणतात, "त्यांचं ते बघून घेतील, कोर्ट मार्शल करतील." इथे बाई कोण होती यावर सगळं ठरतं. भूदलाच्या १९५० च्या कायद्याचं कलम ७० सांगतं की लष्करी कायद्याखाली न येणाऱ्या व्यक्तीचा खून, सदोष मनुष्यवध किंवा बलात्कार एखाद्या सैनिकाने केला, तर त्याचं कोर्ट मार्शल होत नाही. खटला आपल्या नेहमीच्या सत्र न्यायालयात. अपवाद आहेत: प्रत्यक्ष मोहिमेवर असताना, भारताबाहेर, किंवा सरकारने जाहीर केलेल्या सीमेवरच्या ठाण्यावर. नौदलाच्या १९५७ च्या कायद्यात आणि हवाई दलाच्या १९५० च्या कायद्यातही याच धर्तीची तरतूद आहे. वास्को हे काही सीमेवरचं ठाणं नव्हे. म्हणून घरकामाची बाई असो, कॅन्टीनमधली मुलगी असो की नौसैनिकाची बायको, तिच्या खुनाचा खटला दक्षिण गोव्याच्या सत्र न्यायालयातच उभा राहायला हवा. नवरा नौदलात आहे म्हणून बायको नौदलाच्या कायद्याखाली येत नाही. हे पुष्कळ बायकांनाच माहीत नसतं.

बाई स्वतः सेवेत असेल तर मात्र चित्र बदलतं. मग दोन्ही वाटा खुल्या असतात आणि कोर्ट मार्शल की फौजदारी न्यायालय, हे आधी लष्करी अधिकारी ठरवतो. न्यायाधीशाला ते पटलं नाही तर तो आरोपी मागू शकतो, आणि मतभेद राहिलाच तर केंद्र सरकार निर्णय देतं. यासाठी १९७८ चे वेगळे नियम आहेत. सेवेतल्या बायका आता थोड्याथोडक्या नाहीत. नौदलात महिला नाविकांची अग्निवीर म्हणून पहिली तुकडी मार्च २०२३ मध्ये ओडिशातल्या आयएनएस चिल्कातून बाहेर पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सैनिक, नाविक आणि हवाई सैनिक स्त्रियांना अधिकाऱ्यांइतकीच बाळंतपणाची रजा देण्याचा निर्णय संरक्षण मंत्रालयाने जाहीर केला.

आणि इथेच तो 'गैरहजर' पुन्हा आडवा येतो. भूदलाच्या कायद्याच्या कलम १०६ नुसार सैनिक ३० दिवस विनापरवाना गैरहजर राहिला की चौकशी बसते, आणि तिचा निष्कर्ष नोंदवला की तो परत येईपर्यंत फरारी मानला जातो. एकदा ही नोंद झाली की पगार, निवृत्तिवेतन, मान, सगळ्यावर सावली पडते. म्हणून सेवेत असलेलं माणूस सापडत नसेल तर घरच्यांनी त्या ३० दिवसांची वाट पाहू नये. ते हरवलं आहे अशी नागरी पोलिसांकडे तारखेसह नोंद करावी आणि तिची प्रत युनिटला पाठवावी. पुढे वर्षानुवर्षं भांडायची वेळ आली तर हाच कागद आधाराला येतो.

पहिला दिवस

२४ तास थांबा, मग या. हे वाक्य इतक्या लोकांनी इतक्या वेळा ऐकलंय की ते कायद्यात आहे असंच वाटतं. कायद्यात असं काही नाही. हरवल्याची तक्रार पहिल्या तासालाही देता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये होरीलाल प्रकरणात हरवलेल्या मुली आणि स्त्रियांच्या शोधासाठी पोलिसांना सूचना दिल्या: फोटो प्रसिद्ध करा, शेजारीपाजारी, कामाच्या ठिकाणी, मैत्रिणींकडे चौकशी करा. मूल, म्हणजे १८ वर्षांखालचं कुणी हरवलं, तर अपहरण गृहीत धरून एफआयआर नोंदवायचा, असा आदेश २०१३ चा. बाई सज्ञान असेल तर साधारणपणे आधी 'मिसिंग'ची नोंद होते, एफआयआर नव्हे. पण घातपाताचा संशय घ्यायला जागा असेल तर एफआयआर बंधनकारक आहे. २०१३ च्याच ललिता कुमारी निकालाने ते पक्कं केलं.

'मिसिंग' आणि एफआयआर यांतला फरक घरच्यांना कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. 'मिसिंग' म्हणजे नोंद. एफआयआर म्हणजे गुन्ह्याचा तपास, झडती, अटक, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाणारा कागद. तक्रार देताना संशयाची कारणं बोलून दाखवायची नाहीत, लिहून द्यायची. तिला कुणी धमकी दिली होती का? तिने कुणाविरुद्ध तक्रार केली होती का? नवरा मारत होता का? गरोदर आहे, कितवा महिना, औषधं कुठली चालू? "ताई, असं लिहिलं तर बदनामी होईल," असं म्हणणारी आई मी पाहिली आहे. त्या वाक्याने एक आठवडा गेला होता.

पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर तीच माहिती पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येते आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. वकिलाच्या पैशाची चिंता असेल तर, स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. कुणी तिला डांबून ठेवलं आहे असं दाखवता आलं, तर पर्वरीला उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे तिला न्यायालयापुढे हजर करा असा आदेश मागणारी, याचिका करता येते.

आता तळाचं वैशिष्ट्य. बाहेरच्या जगात हरवलेल्या माणसाचा माग काढणं कठीण असतं. तळावर उलट असतं. आत जाणाऱ्या प्रत्येकाची फाटकावर नोंद, पासवर क्रमांक, वर कॅमेरा. गोव्यात कुठल्या बाजारपेठेत एवढा पुरावा नसेल! पण कॅमेऱ्याचं चित्रीकरण कायम राहत नाही, ठराविक दिवसांनी त्यावर नवं चढतं. म्हणून पहिल्याच दिवशी पोलिसांना लेखी सांगायचं: अमुक फाटकाचं अमुक तारखेचं चित्रीकरण आणि वही जपून ठेवायला तळाला कळवा. मोबाइल कंपनीला कॉलच्या नोंदी दोन वर्षं ठेवाव्या लागतात, तिथे थोडी उसंत आहे. चित्रीकरणाला नाही. त्यानंतर बँकेचे आणि यूपीआयचे व्यवहार, स्कूटर कुठे उभी आहे, फोन शेवटचा कुठल्या टॉवरखाली होता. कॅम्प लेज्यूनला कोडं सुटत गेलं ते याच वस्तूंनी: फोन, कार्ड, गाडी. फक्त त्या वस्तू सापडायच्या आधीच ती गेली होती.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. सज्ञान बाईला घर सोडून जायचा हक्क आहे. कधीकधी ती ज्यांच्यापासून पळालेली असते तेच तक्रार द्यायला आलेले असतात. ती सापडली आणि म्हणाली की मी स्वेच्छेने गेले, तर पोलीस तिचा जबाब घेतात, ती सुखरूप असल्याचं घरी कळवतात. तिचा पत्ता तिच्या मर्जीशिवाय कुणाला देऊ नये.

पोटातलं बाळ

अमेरिकेत गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या वर्षात होणाऱ्या मृत्यूंचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तस्राव किंवा रक्तदाब यांसारख्या बाळंतपणाच्या कारणांपेक्षा खून हे तिथे मोठं कारण निघालं. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत, कधी ना कधी गरोदर राहिलेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ३.१ टक्के बायकांनी गरोदरपणात मार खाल्ल्याचं सांगितलं. हा सांगितलेला आकडा आहे. गरोदरपण म्हणजे डोहाळजेवण आणि कौतुक असं आपण धरून चालतो, पण काही पुरुषांना ते मूल म्हणजे आपल्याविरुद्धचा पुरावा वाटतो. म्हणून गरोदर बाई नाहीशी झाली तर "मूड बदलत असेल, येईल परत" हे वाक्य पोलिसांनी म्हणू नये आणि घरच्यांनीही म्हणू नये.

कायद्यात एका बाबतीत आपण नॉर्थ कॅरोलायनाच्या पुढे होतो. पोटात हालचाल करू लागलेलं बाळ आईवर केलेल्या जीवघेण्या कृत्याने दगावलं तर तो वेगळा गुन्हा, दहा वर्षांपर्यंत शिक्षा, हे भारतीय दंड संहितेत १८६० पासून कलम ३१६ म्हणून होतं. आज न्याय संहितेत ते कलम ९२ आहे. नॉर्थ कॅरोलायनात पोटातल्या बाळाच्या मृत्यूला स्वतंत्र गुन्हा मानणारा कायदा २०११ मध्ये आला, म्हणजे त्या मुलीच्या खुन्याला शिक्षा झाल्यानंतर. तिचं बाळ आठ महिन्यांचं होतं.

तक्रार केलेल्या बाईला तिथेच ठेवू नका

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा संरक्षण दलांनाही लागू आहे. त्याच्या कलम १२ मध्ये, चौकशी चालू असताना तक्रारदाराने लेखी मागितलं तर तिची किंवा समोरच्याची बदली करण्याची, किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा देण्याची शिफारस समिती करू शकते. घरकाम करणाऱ्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. गोव्याला हा कायदा अनोळखी नाही. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी साऱ्या देशातल्या सरकारी कार्यालयांनी आणि संस्थांनी समित्या खरोखर नेमल्यात का, हे तपासायला सांगितलं होतं. माझ्या अनुभवात बायका तक्रार करतात, पण बदली मागत नाहीत. "मी का जाऊ?" असं विचारतात. प्रश्न बरोबर आहे. म्हणून त्याची बदली मागावी. कलमात तीही सोय आहे.

नवऱ्याकडून धोका असेल तर २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा नौसैनिकाच्या सरकारी घरातही तितकाच चालतो, आणि न्यायदंडाधिकारी संरक्षण आदेश देतात तेव्हा त्याची प्रत पोलीस स्थानकालाही जाते. कॅम्प लेज्यूनला नेमकं हेच झालं नव्हतं.

हे सगळं मी रविवारी वहिनीला चहाच्या वेळी सांगितलं. कलमं तिने सोडून दिली. फाटक, वही, कॅमेरा एवढं लक्षपूर्वक ऐकलं. मग उठून पर्समधून पास काढला, त्याचा क्रमांक, ती कुठल्या फाटकाने आत जाते आणि कुठल्या तीन क्वार्टरमध्ये काम करते, हे सगळं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहिलं. खाली त्या दुसऱ्या मुलीचंही लिहिलं, आणि तिच्या माहेरचा फोन नंबर विचारायला तिला फोन लावला.